स्वतःचं यश साजरं कसं करायचं? लाइफ कोचिंग नव्याने घेणाऱ्यांसाठी

लाइफ कोच म्हणजे ठरावीक भेटींत बोलून आपलं ध्येय ठरवायला आणि गाठायला मदत करणारा माणूस. तुमच्या कोचने पहिल्या दोन-तीन भेटींतच सांगितलं असेल, "छोटं छोटं यश साजरं करत चला." मलाही सांगितलं होतं. त्या आठवड्यात माझं अकाउंटन्सीच्या पुस्तकातलं एक प्रकरण संपलं म्हणून आम्ही घरचे सगळे सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळ हॉटेलात जेवायला गेलो. पुढच्या आठवड्यात दुसरं प्रकरण संपलं, पण महिनाअखेर होती आणि हॉटेल परवडणारं नव्हतं. मग ते प्रकरण तसंच गेलं, कुणाला सांगितलंसुद्धा नाही. तिसऱ्या आठवड्यात पुस्तक उघडलंच नाही. असं दोनदा झालं तेव्हा लक्षात आलं की साजरं करणंही शिकावं लागतं. मला ते शिकायला चार-पाच महिने लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

माझी ओळख थोडक्यात. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले, सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. लग्नात सुटलेलं बी.कॉम. सतरा वर्षांनी मुक्त विद्यापीठातून पूर्ण करायचं ठरवलं, तेव्हा सहा महिने कोचिंग घेतलं. कोच मॅडम पुण्याच्या. पंधरा दिवसांतून एकदा मोबाइलवर भेट व्हायची. कोचिंग संपलं तरी तिथे लागलेली सवय सुटली नाही, आणि मागच्या वर्षी पदवी हातात आली.

आधी जमवून ठेवा

- शंभर पानी, एकरेघी साधी वही. मोबाइलमधलं अॅपही चालतं, पण मोबाइल उघडला की दहा मेसेज समोर येतात आणि नोंद राहून जाते.
- तारखांचे मोठे चौकोन असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर आणि लाल पेन.
- एक जुनं पाकीट. टप्प्याच्या बक्षिसाचे पैसे यात साठवायचे.
- कोचबरोबरचा लेखी करार आणि फी भरल्याच्या पावत्या.
- तुमच्या ध्येयाचे मूळ कागद. माझ्याकडे प्रवेशाची पावती आणि परीक्षेचं वेळापत्रक होतं. तुमच्याकडे कर्जाचं पासबुक असेल किंवा डॉक्टरांचा रिपोर्ट. वहीच्या शेवटच्या पानात तो कागद ठेवा.

१. कोचशी बोलणी पक्की करा

आपल्या देशात स्वतःला लाइफ कोच म्हणवून घ्यायला कोणताही सरकारी परवाना लागत नाही. म्हणून चौकशी आपणच करायची. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था कोचना तीन पातळ्यांची प्रमाणपत्रं देते. पहिल्या पातळीला, म्हणजे एसीसीला, किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांच्या प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. दुसरीला, पीसीसीला, १२५ तास आणि ५०० तास. हे प्रमाणपत्र नसलेली व्यक्ती वाईटच असेल असं नाही, पण "तुम्ही कुठे शिकलात, किती जणांबरोबर काम केलंत?" एवढं विचारायला संकोच करू नका. चांगला कोच या प्रश्नावर चिडत नाही.

करारात एकूण भेटी किती, एक भेट किती वेळाची, मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का आणि तुम्ही सांगितलेलं कुणाला कळणार नाही ना, या चार गोष्टी आहेत की नाही ते बघा.

इथे मी स्वतः पडलेला खड्डा दाखवते. कोच मॅडम भेटण्याआधी मी एका मोठ्या सभागृहातल्या दोन दिवसांच्या शिबिराला गेले होते. गाणी, टाळ्या, शेजारच्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडणं, सगळं झालं. दुसऱ्या संध्याकाळी जाहीर झालं की पुढच्या पातळीची फी आत्ताच भरली तर सवलत. त्या भरात मी भरली. घरी आल्यावर चूक कळली, पण पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून माझा एक नियम आहे: ज्या दिवशी मन भरून आलंय त्या दिवशी पैसे भरायचे नाहीत. एक रात्र जाऊ द्यायची.

आणखी एक गोष्ट, ती फार महत्त्वाची. कोच हा डॉक्टर नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर वही आणि कॅलेंडर बाजूला ठेवा आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

२. यश हातातलं ठरवा

नवीन माणूस इथेच अडतो. वहीत तो लिहितो, "पास होणे", "दहा किलो वजन कमी करणे", "बढती मिळणे". यांतली एकही गोष्ट आज रात्री झोपायच्या आत होणारी नाही. मग साजरं काय करणार?

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रमागाची पूजा होते. माग धुऊनपुसून त्याला हार घालतात. वर्षभरात किती चादरी विकल्या, नफा किती झाला, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. मान असतो तो ज्याच्यावर काम होतं त्याचा. यश ठरवताना मला याचा फार उपयोग झाला. निकाल विद्यापीठाच्या हातात होता, पण रात्री साडेनऊला पुस्तक घेऊन बसणं माझ्या हातात होतं. म्हणून मी यशाचं माप ठरवलं: तीन गणितं किंवा चार पानं. त्याहून जास्त झालं तर उत्तम, पण तेवढं झालं की दिवस जमेत.

माप ठरवताना स्वतःला विचारा, अंगात कणकण आहे, घरी पाहुणे आहेत, अशा दिवशीही हे जमेल का? जमणार नसेल तर निम्मं करा. पहिल्या महिन्यात माझं माप दहा गणितांचं होतं आणि वही जवळजवळ कोरी राहिली.

३. त्याच दिवशी नोंद करा

सगळ्या पायऱ्यांतली एकच करायची असेल तर ही करा.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं, तंबाखू, कात्री, दोरा. मजुरी हजाराच्या हिशेबाने. माल द्यायला गेली की तिथला तपासणारा विड्या उलटसुलट करून बघायचा आणि खराब वाटतील त्या छाटून बाजूला काढायचा. आई घरी यायची आणि चप्पल काढता काढता सांगायची, "आज चाळीस छाटल्या." कधी साठ, कधी पंचवीस. आम्हा भावंडांना तिच्या आवाजावरूनच आकडा कळायचा. पण हजारातल्या नऊशे साठ पास झाल्या, हे वाक्य आमच्या घरात मी कधीच ऐकलं नाही. तीही तिनेच वळलेल्या होत्या, त्याच पाठदुखीत.

कोच मॅडमनी पहिल्या भेटीत विचारलं, "मागच्या महिन्यात काय काय जमलं?" मी वीस मिनिटं काय जमलं नाही तेच सांगत होते. तेव्हा मला आई आठवली. मीही छाटलेल्याच मोजत होते.

हा दोष फक्त आपल्या घरांचा नाही. मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवलं की वाईट घटना मनावर चांगल्या घटनेपेक्षा जास्त खोल उमटते. म्हणजे चांगलं आपोआप लक्षात राहील या भरवशावर बसता येत नाही, ते लिहूनच ठेवावं लागतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या टेरेसा अमाबिले आणि संशोधक स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतल्या २३८ जणांकडून रोज कामानंतर डायरी लिहून घेतली होती. जवळपास १२,००० नोंदी जमल्या. ज्या दिवशी माणसं उत्साहात होती, त्या दिवसांमागे सगळ्यात जास्त वेळा एकच कारण सापडलं: त्या दिवशी महत्त्वाचं काम थोडं तरी पुढे सरकलं होतं. बक्षीस किंवा शाबासकी त्याच्या मागे.

नोंद कशी करायची? तारीख, काय केलं ते आकड्यासकट, आणि काय आडवं आलं होतं. तीन ओळींच्या वर जायचं नाही. माझ्या वहीतल्या काही नोंदी जशाच्या तशा देते:

"मंगळवार. घसाऱ्याची तीन गणितं. मध्येच नळाला पाणी आलं, भरून परत बसले."

"शुक्रवार. ऑडिटिंगची चार पानं मोठ्याने वाचली. डोळे मिटत होते."

"रविवार. काही नाही. भाचीचं बारसं."

पहिल्या नोंदीतलं "परत बसले" बघा. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय ते इथल्या बायकांना सांगायला नको. पाणी भरून, भांडी आवरून पुन्हा पुस्तकाकडे येणं हे तीन गणितांपेक्षा मोठं काम होतं. आडवं काय आलं ते लिहिलं नसतं तर महिन्याने ती नुसती तीन गणितं दिसली असती.

रिकाम्या दिवसाचीही ओळ लिहा. ती लिहिली नाही की दोन दिवस, चार दिवस, आणि मग वहीच नजरेआड होते. अक्षर कोरीव काढू नका, रंगीत पेनं आणू नका. वही सजवण्यात वेळ गेला की काम झाल्यासारखं वाटतं आणि काम तर राहिलेलं असतं.

४. साजरं करण्याचे तीन आकार ठेवा

माझी हॉटेलची चूक इथली होती. रोजच्या कामाला टप्प्याचं बक्षीस दिलं, मग ते पेलवलं नाही.

*रोजचं.* नोंद झाली की कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल करायचा आणि मोठ्याने "झालं" म्हणायचं. एवढंच. मोठ्याने म्हणायला पहिले काही दिवस अवघड वाटतं, पण ते टाळू नका. माझा धाकटा आतल्या खोलीतून "झालं का?" असं विचारायला लागला, तेव्हा घरात ही गोष्ट रुजली.

*आठवड्याचं.* एक तास, फक्त तुमचा. मी रविवारी संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालायचे आणि एका जागी बसून आठवड्याच्या नोंदी वाचायचे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा सकाळी लवकर जायचे. खर्च चहाचा. हा तास घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर "जातेच आहेस तर येताना भाजी आण" असं होऊन तो बाजारात जातो.

*टप्प्याचं.* वर्ष पास झालं, कर्जाचा पहिला मोठा हप्ता संपला, अशा वेळी पाकीट उघडायचं. टप्प्याला दोन गोष्टी चालतात: पुढच्या कामाला उपयोगी पडेल अशी वस्तू, किंवा ज्यांनी आपल्यासाठी झळ सोसली त्यांच्यासोबत घालवलेला दिवस. पहिल्या वर्षाला मी टेबल लॅम्प घेतला, कारण तोवर घरचे झोपले की मी स्वयंपाकघरात बसून वाचायचे. दुसऱ्या वर्षाला आम्ही सगळे तुळजापूरला जाऊन आलो. बांधून नेलेली कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही, सगळ्यांनी एकत्र बसून खाल्लं. तिसऱ्याला पाकिटात फारसं काही नव्हतं, पण तोवर त्याची गरजही उरली नव्हती.

बक्षिसाबाबत एक खोल खड्डा आहे. आयलेट फिशबाख आणि रवी धर या संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजन कमी करायचं असलेल्या काही जणांना अशा रीतीने मोजमाप करायला लावलं की आपली प्रगती भरपूर झाली असं त्यांना वाटावं, आणि काहींना ती कमी वाटावी. नंतर सगळ्यांपुढे सफरचंद आणि चॉकलेट ठेवलं. प्रगती भरपूर वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जणांनी चॉकलेट उचललं, दुसऱ्या गटात ५८ टक्क्यांनी. "खूप झालं" असं वाटलं की आपण आपल्यालाच सूट देतो. म्हणून वजन कमी करत असाल तर बक्षीस खाण्याचं नको, कर्ज फेडत असाल तर खरेदीचं नको, अभ्यास करत असाल तर "आठवडाभर सुट्टी" नको. आणि रविवारी नोंदी वाचून झाल्यावर शेवटी एक ओळ लिहा: हे मला कशासाठी हवंय? मी प्रत्येक वेळी वेगळं लिहायचे. एकदा लिहिलं होतं, "दुकानात शेठ ताळेबंद सीएकडे पाठवतात तेव्हा त्यात काय चाललंय ते मला समजावं म्हणून."

५. साक्षीदार निवडा

आपल्याकडे स्वतःचं कौतुक स्वतः करू नये असं शिकवतात, आणि चारचौघांत सांगितलं तर दृष्ट लागेल अशी भीती असते. या समजुतीशी मी भांडत बसले नाही. एकच माणूस निवडला. दृष्टीची भीती चारचौघांची असते, एका माणसाची नसते.

तो माणूस कसा ओळखायचा? शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००४ साली दाखवलं की आनंदाची बातमी सांगितल्यावर समोरचा खऱ्या उत्सुकतेने विचारपूस करतो तेव्हा तो आनंद वाढतो आणि नातंही घट्ट होतं. नुसतं "बरं झालं" म्हणून विषय बदलणारा, किंवा त्यातली अडचण शोधणारा, इथे कामाचा नाही. माझ्या जाऊबाई मनाने फार चांगल्या आहेत, आजारपणात त्यांनीच मला सांभाळलं. पण पहिलं वर्ष पास झाल्याचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून दोन वर्षं आहेत ना? मग पुढं काय?" दुकानातली मैत्रीण म्हणाली, "कोणता पेपर सगळ्यात अवघड गेला गं? कसा सोडवलास?" मी तिला दहा मिनिटं कॉस्टिंगबद्दल सांगत होते. तीच माझी साक्षीदार झाली. साक्षीदार जवळचा नातेवाईकच असावा असं काही नाही, आणि जो नाही जमला त्याच्यावर रागही धरू नका.

दर शनिवारी तिला एक ओळ पाठवायची असं ठरलं होतं. घडलेलंच पाठवायचं, ठरवलेलं नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या प्रयोगांत दिसलं की काही बनण्याचा आपला इरादा दुसऱ्याने ऐकून घेतला की पुढे प्रत्यक्ष मेहनत कमी होते. सांगण्यातच अर्धं समाधान मिळून जातं. म्हणून "उद्यापासून रोज पहाटे उठणार" असं स्टेटस ठेवू नका. उठलात की मग सांगा.

६. कोऱ्या महिन्याची तयारी आधीच करा

तो येणारच. माझा जानेवारीत आला. संक्रांत, गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावरची गर्दी, घरी बाहेरगावचे पाहुणे. पाठोपाठ आईचं आजारपण. वीस दिवस वहीला हात नाही, आणि त्यानंतरच्या परीक्षेत एक विषय राहिला.

तेव्हा मला ती वही फाडून नवी सुरू करावीशी वाटत होती. मॅडमनी थांबवलं. जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ यांच्या २००६ सालच्या अभ्यासात गाडी धुण्याच्या दुकानात ग्राहकांना कार्डं दिली होती: दर धुण्याला एक शिक्का, कार्ड भरलं की एकदा गाडी फुकट धुऊन. काहींच्या कार्डावर आठ शिक्के मिळवायचे होते. काहींच्या कार्डावर दहा, पण त्यातले दोन आधीच मारलेले. दोघांनाही गाडी आठ वेळाच धुवायची होती. तरी कोऱ्या कार्डवाल्यांपैकी १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं, दोन शिक्केवाल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. आधी काहीतरी जमा आहे हे दिसलं की माणूस पुढे जातो. वही फाडली असती तर मी माझेच शिक्के पुसले असते.

कोऱ्या काळानंतर असं करा: मधल्या दिवसांच्या तारखा घालत बसू नका. एक आडवी रेघ मारा, तिच्याखाली "परत सुरू" लिहा, आणि पहिले तीन दिवस निम्मं माप ठेवा. त्या "परत सुरू"ला लाल गोल दुहेरी करा. राहिलेल्या विषयाची तयारी मी दीड गणितापासून केली. दुसरं गणित अर्धं सोडून झोपायचे आणि सकाळी तेच आधी पूर्ण करायचे.

७. वही कोचसमोर उघडा

भेटीच्या आदल्या रात्री पंधरा दिवसांच्या नोंदी वाचून तीन गोष्टी काढा: सगळ्यात अवघड गेलेली नोंद, सगळ्यात जास्त वेळा आडवं आलेलं कारण, आणि बदलायचं माप. भेटीची सुरुवात पहिलीपासून करा, तक्रारीपासून नको. माझ्या वहीत "आडवं आलं" खाली नऊ वेळा मोबाइल आला होता. तो आकडा समोर असल्यामुळे त्यावर वाद झालाच नाही. दुसऱ्या दिवसापासून साडेनऊला मोबाइल फ्रिजवर.

तीन महिने झाले की कोचला विचारा, "तुमच्याशिवाय यातलं काय मी एकटी करू शकते?" चांगला कोच ती यादी आनंदाने करून देतो. यादी वाढत जाते तशा भेटी कमी करा.

वही संपली की हिशेबाच्या वहीत करतो तसंच करायचं. सगळे लाल गोल मोजा, नव्या वहीच्या पहिल्या पानावर वर "मागील पानावरून जमा" लिहा आणि त्यापुढे आकडा. परीक्षा संपली तरी मी वही चालू ठेवलीये, आता टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकतेय. सध्याच्या वहीवर ६८४ आहे. परवा आई माझ्याकडे आली होती, तिने तो आकडा वाचला आणि विचारलं, "यातल्या छाटल्या किती?" मी तिला सांगितलं, या पास झालेल्याच आहेत. तिने वही मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली.